घरात कोणती भाषा बोलता?

आपल्या बेटावरची तरुण मंडळी आता केवळ लंडन-पॅरिसपुरती थांबत नाहीत. शिक्षणासाठी, नोकरीसाठी, जहाजावरच्या कामासाठी काही जण नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कपर्यंत पोहोचतात. त्यांना भेटून आलेले आईवडील तिकडच्या थंडीच्या आणि सणांच्या गोष्टी मोठ्या कौतुकाने सांगतात. त्या सणांविषयी आज लिहावेसे वाटते, कारण त्यांतून आपल्या घरचा एक प्रश्न पुढे येतो.

जूनमध्ये आपल्याकडे हिवाळा असतो व ऊसतोडणीची तयारी चाललेली असते, तेव्हा स्वीडनमध्ये 'मिडसमर' येतो. स्टॉकहोमला रात्री दहापर्यंत सूर्य दिसतो; अगदी उत्तरेस तो मावळतच नाही. पानाफुलांनी मढवलेला उंच खांब मैदानात उभारतात. तो पाहून आपल्या माणसाला गुढी आठवली तर नवल नाही. त्याच्याभोवती फेर धरून आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे गातात आणि बेडकासारख्या उड्या मारतात. झाकरीच्या फेरात वाढलेल्या आपल्या मुलांना त्यात सामील व्हायला कोणी शिकवावे लागत नाही! नॉर्वेत १७ मे हा १८१४ च्या राज्यघटनेचा दिवस. त्या दिवशी ऑस्लोत शाळेची मुले झेंडे घेऊन राजवाड्यासमोरून जातात आणि राजघराण्यातली मंडळी सज्जात उभी राहून त्यांना हात हलवतात. आम्हां शिक्षकांना याहून सुंदर मिरवणूक सुचणार नाही.

आपले गणपतीही तिकडे जातात. चतुर्थीला तिथे सुट्टी नसते, म्हणून पूजा सकाळी लवकर आणि आरतीला मंडळी शनिवारी. समुद्र थंडगार, म्हणून विसर्जन घरच्या बादलीत. काही वडीलधाऱ्यांना हे रुचत नाही. परंतु स्वीडिश लोकांनी स्वतःच १९५३ पासून मिडसमरची संध्या शुक्रवारी आणून ठेवली आहे, आणि सणाचा रंग काही उतरलेला नाही. तिथीपायी आपण उगाच जीव टाकू नये.

आमची काळजी वेगळी आहे. स्वीडनमध्ये १९७७ पासून परभाषिक मुलांना शाळेत मातृभाषा शिकण्याची सोय आहे. गावात त्या भाषेची निदान पाच मुले असावीत, शिक्षक मिळावा, मुलाला ती थोडीफार यावी आणि मुख्य म्हणजे ती भाषा घरात रोज बोलली जात असावी, अशा अटी आहेत. पुण्या-मुंबईहून गेलेले कुटुंब या प्रश्नाला 'मराठी' असे उत्तर देऊन मोकळे होते. कास्काव्हेल किंवा वाक्वाहून गेलेल्या कुटुंबाने काय लिहावे? खरे लिहायचे तर 'क्रिओल'. मग आपल्या मुलाला सरकारी खर्चाने मराठी शिकण्याचा हक्क तिथे उरत नाही. ही अडचण स्वीडनने केलेली नाही. ती आपण इथूनच पेटीत घालून नेतो.

क्रिओलवर आमचा रोष नाही. ती आपलीच भाषा आहे. २०१२ पासून ती प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून आली, हे योग्यच झाले. पण मराठी शाळेत शिकावी, परीक्षा द्यावी, गुण मिळताच वही बंद करावी, आणि चतुर्थीला रोमन अक्षरांतली आरती वाचावी, एवढ्यावर ती किती पिढ्या टिकेल? मुंबई बंदरातून शर्तबंद मजूर म्हणून आलेल्या आपल्या पूर्वजांपाशी ना शाळा होती, ना पाठ्यपुस्तक. तरी आज्यांनी चुलीपाशी बोलून बोलून ती आपल्यापर्यंत आणली. आज शिक्षक आहेत, पुस्तके आहेत, चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी आहे. चुलीपाशी मात्र कोणी बोलत नाही.

ज्यांच्या घरात अजून मराठी जाणणारी आजी आहे, त्यांनी तिला मुलांशी क्रिओलमध्ये बोलायला लावू नये. मंडळांनी यंदा आरती संपताच प्रसादाची घाई न करता दहा मिनिटे राखून ठेवावीत. एका मुलाने आरतीतल्या दोन ओळींचा अर्थ मराठीत सांगावा, अडला तर मोठ्यांनी पुरवावा. परदेशी जाणाऱ्यांनीही दूरध्वनीवर आईशी बोलताना निदान जेवणाखाणाची विचारपूस मराठीत करावी. यासाठी कोणाच्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. ज्या मंडळांना अर्थ सांगणारे मूल सापडणार नाही, त्यांनी आपल्या गावच्या मराठी शिक्षकाला आधी महिनाभर कळवावे. तो आनंदाने येईल.