प्रोग्रॅम बरोबर आहे हो, पण जॉब धरलाय कशात?

"डीएनए म्हणजे शरीराचा सोर्स कोड" हे वाक्य आता बंद करा, अशी आमच्या तमाम आयटीवाल्या बांधवांना हात जोडून विनंती आहे. कँटीनमध्ये ऐकायला बरं वाटतं, पण हल्ली हेच वाक्य घेऊन लोक विक्रीला निघालेत. माझ्या वयाच्या मित्रांकडे पाळणे हलायला लागलेत, आणि बाळाच्या आधीच नाळेतलं रक्त साठवणारा एजंट दारात हजर. "सर, हा तुमच्या बाळाचा बॅकअप! उद्या यकृत म्हणा, मेंदू म्हणा, काहीही बिघडलं तरी रिस्टोअर!" ईएमआय भरून दमलेला बाप 'बॅकअप' शब्द ऐकला की सही करून मोकळा होतो.

मंडळी, आकुर्डीत राहून तरी आपण हे गिळू नये. भोसरीच्या कुठल्याही शॉपमध्ये जा आणि सीएनसीवरच्या ऑपरेटरला विचारा. प्रोग्रॅम अगदी अचूक आहे, पण जॉब फिक्स्चरमध्ये नीट धरलेला नाही, तर काय होतं? टूल तुटतं, जॉब उडतो.

पेशीचं फिक्स्चर म्हणजे तिच्याभोवतीची कोलॅजेन, लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन अशा प्रथिनांची जाळी. ही जाळी पेशी इंटिग्रिन नावाच्या रेणूंनी पकडते. इंटिग्रिनचं एक टोक बाहेर जाळीला, दुसरं आत पेशीच्या सांगाड्याला. शेजारच्या पेशीचा हात धरायला वेगळे रेणू, कॅडहेरिन. आणि ही नुसती पकड नाही बरं का. पेशी जाळीला ओढून बघते, ती किती कडक आहे ते ओळखते, आणि कोडमधलं काय चालवायचं, काय नाही, ते त्यावरही ठरतं. 2006 साली डिशर यांच्या गटाने एकाच प्रकारच्या मूळपेशी वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींसारख्या होऊ लागल्या, मध्यम जेलवर स्नायूंसारख्या आणि कडक जेलवर हाडांच्या पेशींसारख्या. कोड तोच, खालची जमीन वेगळी!

आणि पकडच सुटली तर? बऱ्याचशा पेशी स्वतःहून मरतात. 1994 मध्ये या मरणाला 'अनॉइकिस' असं ग्रीक नाव मिळालं. अर्थ साधारण 'बेघर होणं'.

आपल्या जवळचं उदाहरण हवंय? पुढे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये प्रयोगशाळा उभारणाऱ्या महेंद्र सोनवणे यांनी जर्मनीत असताना झेब्राफिश माशाच्या पिल्लांवर काम केलं, ते 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. त्वचेच्या तळाच्या पेशी खालच्या पडद्याला हेमिडेस्मोसोम नावाच्या जोडांनी घट्ट बसतात. एक जनुक बिघडलं की हे जोड नीट तयार होत नाहीत. मग पेशी आकार सोडतात, वाजवीपेक्षा जास्त वाढतात, भलतीकडे सरकतात. माणसात हे जोड बिघडले तर नुसत्या घासण्याने कातडीवर फोड येतात. म्हणजे अवयव ही नुसती पेशींची रास नाही. कोण कोणाला धरून बसलंय, त्यातून अवयव घडतो.

आता एजंट म्हणेल, "पण नाळेच्या रक्ताने माणसं बरी होतात ना?" होतात की! रक्ताच्या कर्करोगात, थॅलेसेमियात, आणि तीही बहुधा दुसऱ्याच्या रक्तातल्या पेशींनी. कारण थॅलेसेमियासारखा जनुकीय दोष असेल तर तो बाळाच्या स्वतःच्या साठवलेल्या पेशींतही असणारच. पण हे जमतं का? कारण शिरेत सोडलेल्या या पेशी अस्थिमज्जेत जाऊन चिकटतात, तिथे त्यांचं घर तयार असतं. निकामी यकृतात असं घर कोण बांधून देणार? तुमचा बॅकअप? यकृताची जाळी गर्भात आठवड्यामागून आठवडे घडत जाते, ती फ्रीजरमधल्या पिशवीत नसते.

आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलंय की, भविष्यात स्वतःसाठी म्हणून नाळेतलं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. हे माहितीपत्रकात कधी छापलेलं बघितलंय?

घरात मोठ्या भावंडाला रक्ताचा आजार असेल तर गोष्ट वेगळी, डॉक्टरांशी जरूर बोला. सार्वजनिक बँकेला दान करता येत असेल तर उत्तमच. बाकीच्यांनी सही करण्याआधी एजंटला एवढंच विचारा, "साहेब, या पेशी जाऊन चिकटणार कशाला?" उत्तर मिळालं तर मलाही कळवा.