आंबील नैवेद्यापुरतीच?

महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आमच्याकडे ज्वारीची आंबील लागतेच. ताज्या दळलेल्या पिठात ताक घालून आई रात्रभर ठेवते. आंबले की सकाळी शिजवते. पुण्या-मुंबईत हल्ली ‘सावरडो’ पावाचे कौतुक आहे. तेही पीठ असेच, विकतच्या यीस्टशिवाय आंबते.

घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. पण डब्यातली भाकरी मी झाकून खात असे. शिकलेल्याने पोळीच खावी, हे मला कोणी शिकवले?

२०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष पाळले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मात्र ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीनने पैसा दिला, त्याला नावे ठेवत नाही. परंतु घरापुरती चार तास ज्वारी पेरावी. गुरांना कडबाही होईल. नाहीतर उद्या देवीपुढची आंबीलही विकत आणावी लागेल.