दमट हवेला शास्त्राचे दार उघडा!

हवा कोरडी पडली की धागे तटातट तुटतात, हे साचेखात्यातल्या नवख्या पोरालाही ठाऊक. का? कापूस हवेतली वाफ शोषतो आणि ओल धरलेले सूत जास्त ताण सोसते. म्हणून तर खात्यात पाण्याचे फवारे! हीच गोष्ट पुस्तकात 'सापेक्ष आर्द्रता' होऊन येते अन् कामगाराचे पोर बिचकते. अरे, ही तर बापाच्या खात्यातली दमट हवा!

'आर्द्रता' हाकला, असे आम्ही म्हणत नाही. मापाला नेमका शब्द लागतोच. पण आधी दमट म्हणा, मग आर्द्रता शिकवा.

साहेबांनी तरी काय केले? सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाला ते 'ट्रॅप' म्हणतात. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना! सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा पायऱ्यांसारखा दिसतो, म्हणून. १८०७ साली बुकानन साहेबाने मलबारातल्या दगडाला लॅटिन विटेवरून 'लॅटेराइट' नाव दिले. लोक तो विटांसारखा कापून घरे बांधत होते ना! आमचा कोकणी गडी त्यालाच जांभा म्हणतो. विटेचे शास्त्र होते, मग जांभ्याचे का नको?

भरती, ओहोटी, उधाण, वाफ, ताण हे शब्द धड्याच्या पहिल्या ओळीत हवेत, कंसात नव्हे!