भंगाराच्या काट्यावर हुन्नर तोलू नका

सोलापूरहून हैदराबादकडे निघाले की नळदुर्गच्या जवळ अणदूर लागते. महामार्गाच्या काठावरच्या गावात गॅरेज, पंक्चर, वेल्डिंग आणि लेथ हे धंदे ओघानेच येतात. या पट्ट्यातून जुनी जीप अजून पुरती नाहीशी झालेली नाही. कुणाच्या शेतात उंच बॉनेटची पेट्रोल जीप आहे, कुणाच्या वाड्यासमोर एमएम ५४० उभी आहे, तर कुणाकडे काळी-पिवळी म्हणून वर्षानुवर्षे राबलेली कमांडर पडून आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल झाला की आजही शेतकऱ्याला हीच गाडी आठवते. तिला चालते ठेवणाऱ्या हातांत आपल्या समाजाच्या कारागिरांचे हात पुष्कळ आहेत.

हे हात आता थकले आहेत. गाडीपेक्षा त्या हातांची आणि त्यांच्यामागे पडून असलेल्या मालाची आम्हाला अधिक काळजी वाटते.

चित्र सगळीकडे सारखेच आहे. उस्ताद वयाने घरी बसतात. मुलगा मोबाईलचे दुकान टाकतो किंवा पुण्याला कंपनीत जातो. गॅरेजच्या मागच्या कोठीत चाळीस वर्षांचा माल असतो : गिअर, बेअरिंग, पाटे, स्टीअरिंगचे बॉक्स, कार्बोरेटर. एके दिवशी भंगारवाला येतो, सगळा माल काट्यावर चढतो आणि किलोच्या भावाने निघून जातो. त्याच वेळी दुसऱ्या गावात एखादी जीप एका पिनियनसाठी सहा महिने झाडाखाली उभी असते. कोठीत काय होते हे त्या मालकाला कळत नाही. मालाची गरज कुणाला होती हे कोठीवाल्याला कळत नाही. नुकसान दोघांचेही होते.

पिनियनचा दाखला आम्ही मुद्दाम देतो. क्राउन आणि पिनियन ही घासून जुळवलेली जोडी असते. जोडीतला एक दागिना विकला की दुसरा जवळजवळ निकामी होतो. विलिस घराण्याच्या अनेक जीपमध्ये क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ दात असतात. पुढच्या आणि मागच्या हौसिंगमध्ये हे प्रमाण सारखेच लागते. वेगवेगळ्या प्रमाणाच्या जोड्या बसवून कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावले, तर ताण ट्रान्सफर केसवर येतो आणि आतले गिअर तुटतात. भंगारवाल्याच्या काट्याला दात मोजता येत नाहीत. ते आपल्या उस्तादाला मोजता येतात. त्याच्या कमाईचा खरा आधार ही मोजणी आहे.

या गाडीचा इतिहासही आपल्या वाचकांनी जाणून घ्यावा. २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियानात ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ नावाची पोलादाच्या व्यापाराची पेढी सुरू झाली. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद हे तिचे भागीदार होते. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली पेढीचे नाव बदलून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. १९४९ पासून या कंपनीने मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू केली. आपल्या शिवारातली जीप त्या माझगावच्या जुळणीची वारसदार आहे.

त्याहून मोठा धडा जीपच्या जन्मात आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला इतक्या गाड्या हव्या होत्या की एकट्या विलिस कंपनीला त्या पुरवणे शक्य नव्हते. तेव्हा फोर्ड कंपनीलाही त्याच नकाशावर तीच गाडी बनवायला सांगितले गेले. दोघींनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे, ही सैन्याची अट होती. आघाडीवर मोडलेल्या दोन जीपमधून एक चालती जीप उभी करता येत असे. फोर्डने आपल्या बोल्टवर ‘एफ’ अक्षर ठोकले, पण आटे तेच ठेवले. बाजारात एकमेकींशी झुंजणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांना एकमेकींचे भाग चालत होते. मग एकाच रस्त्यावरच्या दोन गॅरेजवाल्यांना एकमेकांचे का चालू नयेत?

आपल्याच देशात हे घडलेले आहे. दार्जिलिंगच्या डोंगरात मानेभंज्यांगपासून संदकफूपर्यंत सुमारे ३१ किलोमीटरचा दगडी चढ आहे. तिथे १९५० च्या दशकातल्या लँड रोव्हर गाड्यांनी कित्येक दशके प्रवासी वाहिले. त्या मालकांनी ‘सिंगालिला लँड रोव्हर ओनर्स वेल्फेअर असोसिएशन’ ही संघटना उभी केली. कंपनीचे सुटे भाग मिळेनासे झाल्यावर स्थानिक मिस्त्र्यांनी भाग घडवले, एका गाडीचे दुसरीला लावले आणि काही गाड्यांत महिंद्राची डिझेल इंजिनेही बसवली. अलीकडे त्या गाड्यांची संख्या घटली आहे. तरीही साठ-सत्तर वर्षे एका दुर्गम रस्त्यावर कुटुंबे जगवण्याचे काम त्यांनी केले. प्रत्येक मालक आपापला माल कुलपात ठेवून बसला असता तर हे झाले नसते.

आम्ही हे बोललो की आपले बंधू तीन हरकती घेतात. तिन्ही रास्त आहेत, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

पहिली हरकत : माझा भाग दिला की माझे गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल. आमच्या मते हिशेब उलटा आहे. गिऱ्हाईक भागासाठी जितके येते, त्याहून अधिक हातासाठी येते. भाग न मिळाल्याने जीप भंगारात गेली, तर ते गिऱ्हाईक दोघांच्याही हातून सुटते. नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपात जातात. आपल्याकडे जी जुनी गाडी येते तिची संख्या वाढणार नाही, घटणारच आहे. घटत्या धंद्यात प्रत्येक चालती गाडी ही सगळ्यांची ठेव असते.

दुसरी हरकत : दिलेला भाग परत येत नाही, आला तर पैसे येत नाहीत. ही तक्रार खरी आहे. तोंडी व्यवहाराने भल्याभल्यांची मैत्री तुटलेली आम्ही पाहिली आहे. पण यावरचा उपाय अणदूरच्या मातीतच आहे. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबाची मूर्ती एकच आहे, मंदिरे दोन आहेत. वर्षातले बहुतेक महिने देव अणदूरला आणि उरलेले दिवस नळदुर्गला असतो. देव नेताना आणि आणताना दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात. जिथे श्रद्धेचा एवढा मोठा ठेवा दोन गावे वाटून घेतात, तिथेही कागद करतात. मग आपल्या गिअरबॉक्सला कागद करण्यात कमीपणा कसला? देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, ही शिकवण तर आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. उसना घेतलेला भाग ही अमानत आहे आणि अमानतीची नोंद असली म्हणजे दोन्ही बाजूंची अब्रू राहते.

तिसरी हरकत : जुन्या गाडीला आता भविष्य नाही, सरकारच ती बंद करायला निघाले आहे. यात अर्धे सत्य आहे. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खाजगी मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या हलक्या मोटार वाहनांसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. गरीब मालकाला हा भार जड आहे. पण नियमांची दुसरी बाजूही पाहावी. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली खाजगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. शेतकऱ्याच्या राबत्या जीपसाठी हा मार्ग नाही. परंतु हौशी मालकासाठी आहे, आणि त्याला गाडी मूळ स्वरूपात हवी असते. म्हणजे ज्या जुन्या अस्सल भागांना आपण किलोचा भाव लावतो, त्यांना कदर करणारे गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत उभे आहे. बातमी नसल्यामुळे नफा मधल्या माणसाच्या खिशात जातो.

मग करायचे काय? मोठी संस्था, मोठे भांडवल, उद्घाटन, हार-तुरे यांतले काही नको. एक वही पुरे. नळदुर्ग, अणदूर, जळकोट, उमरगा आणि सोलापुरातले चार-पाच गॅरेजवाले, एक लेथवाला आणि दोन-चार जीपमालक यांनी मिळून ती ठेवावी. भागाचे नाव, कोणत्या मॉडेलचा, दात किंवा माप, हालत, कुणाकडे आहे आणि किंमत, एवढे रकाने असावेत. पिस्टन असेल तर मूळ मापाचा की वीस, तीस, चाळीस ओव्हरसाइझचा, हे लिहावे. बोल्ट-नट असतील तर इंची आटे की मिलिमीटरचे, हे लिहावे. जुन्या विलिस घराण्याचे पेट्रोल इंजिन इंची मापाचे आहे, तर एमएम ५४० मधले प्यूजो बनावटीचे डिझेल इंजिन मिलिमीटरच्या मापाचे आहे. घाईत एकाचा बोल्ट दुसऱ्यात मारला की आटे जातात आणि मग ब्लॉकला हेलिकॉइल बसवत बसावे लागते. वहीची नक्कल प्रत्येकाकडे राहावी. आज मोबाईल आहे, पानाचा फोटो पाठवला तरी भागते.

याबरोबर दोन पथ्ये कडक पाळावीत.

एक, बिलाशिवाय आणि नंबराशिवाय भाग घेऊ नये. उत्तर प्रदेशातल्या मेरठ शहरात सोतीगंज हा जुन्या गाड्यांच्या भागांचा देशभर गाजलेला बाजार होता. तिथे चोरीच्या गाड्या कापल्या जात असल्यामुळे पोलिसांनी कारवाई केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये बाजार बंद झाला. अशा वेळी चोराबरोबर सरळ दुकानदाराचेही शटर खाली येते. इंजिन आणि चासीचा नंबर, विकणाऱ्याची सही आणि तारीख वहीत असेल, तर प्रामाणिक माणसाला मान वर करून उत्तर देता येते. आपल्या समाजातल्या भंगार-धंदेवाल्याला तर हा कागद दुप्पट गरजेचा आहे. कारण कुणाही सांगू नये, आपण सगळे जाणतो.

दोन, ब्रेक, स्टीअरिंग आणि धुरा यांत जुगाड करू नये. तुटलेला स्टीअरिंगचा आर्म वेल्डिंग करून देणे ही कारागिरी नव्हे, तो दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे फेरफार करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही याबाबत कडक भूमिका घेतली आहे. हौशी गिऱ्हाईक रुंद टायर आणि कापलेली बॉडी मागेल. त्याला नाही म्हणण्याची हिंमत ज्या गॅरेजात असेल, ते गॅरेज टिकेल.

सगळ्यांत मोठा माल मात्र कोठीत नसतो, तो उस्तादाच्या डोक्यात असतो. जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, हे नव्या पोराला कोण सांगणार? तो नेहमीच्या सवयीने पाना फिरवतो, नट सुटण्याऐवजी आवळतो आणि स्टड तुटतो. चूक पोराची दिसते, पण खरी चूक न सांगणाऱ्याची असते. पूर्वी उस्ताद शागिर्दाला शिव्या देत शिकवत असे, पण शिकवत असे. आता शिव्याही नाहीत आणि शिकवणेही नाही. उस्तादाचा शब्दही वहीत उतरला पाहिजे. सांगणारा लिहू शकत नसेल, तर त्याच्या शिकलेल्या नातवाने लिहावा. नातू त्या निमित्ताने आजोबांजवळ दोन तास बसेल, हाही लहान फायदा नाही.

या वहीने कुणी लखपती होईल, असा दावा आम्ही करत नाही. जीपचे दिवस पुन्हा येतील, असेही म्हणत नाही. पण एक गाडी भंगारातून वाचली तर एका मिस्त्रीला काम मिळते, एका लेथवाल्याला बुश कातायला मिळतो, कुशनवाल्याला हुड शिवायला मिळते आणि शेतकऱ्याची नवी गाडी घेण्याची उधारी टळते. एवढा फायदा डोळ्यांसमोर असताना आपण माल काट्यावर का चढवावा?

येत्या जुम्याला दुकान बंद असेल. नमाज झाली, जेवण झाले की कोठीचे कुलूप उघडा. एक दिवा लावा, एक पोरगा सोबत घ्या, आणि पहिला भाग हातात घेऊन त्याचे नाव लिहा. भंगारवाला येणारच आहे. त्याच्या आधी आपली वही तयार असली पाहिजे.