वाइनचे खोरे आणि रविवारची रांग

वाये दे ग्वादालुपे हे मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया राज्यातले वाइनचे खोरे. एन्सेनादा बंदरापासून ते अर्ध्या-पाऊण तासावर आहे आणि अमेरिकेतल्या सॅन डिएगोपासून, सीमेवर खोळंबा झाला नाही तर, साधारण दोन तासांवर. मेक्सिकोतली बहुतांश वाइन याच राज्यात होते आणि त्यातली बरीचशी या खोऱ्यात. १८३४ साली फेलिक्स काबायेरो या डोमिनिकन पाद्र्याने येथे मिशन वसवले. ते सहा वर्षांत ओस पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी झारच्या रशियातून धर्मापायी बाहेर पडलेले मोलोकान शेतकरी आले, त्यांनी गहू पेरला आणि पुढे द्राक्षेही लावली. मोठे कारखानदार आले ते त्यानंतर. १९८७ मध्ये मोंते शानिक ही वाइनरी निघाली आणि थोडी पण चांगली वाइन करणाऱ्या छोट्या उत्पादकांचे युग सुरू झाले. आज खोऱ्यात आणि आसपास शंभरावर वाइनरी आहेत. शनिवार-रविवारच्या बेतांचा विचका होतो तो या शंभराच्या आकड्यामुळे.

कारण बेत नेहमी यादीपासून सुरू होतो. शनिवारी पाच वाइनरी, रविवारी चार, मधल्या वेळात दोन नावाजलेली जेवणे आणि सूर्यास्ताला फोटो. कागदावर हे सगळे झकास बसते. प्रत्यक्षात ते कोलमडते. पण येथे दोष वेळापत्रकाचा नाही, त्याच्या दिशेचा आहे. या खोऱ्याची सहल रविवारी संध्याकाळी सीमेवर लागणाऱ्या रांगेपासून उलटी आखत आणायची असते. तसे सहसा कोणी करत नाही, म्हणून ती रांग इतकी लांब असते.

जाणे सोपे आहे. सॅन डिएगोहून दक्षिणेकडे शिरताना फारशी विचारपूस होत नाही, गाडी सीमेपलीकडच्या तिहुआनात कधी पोचली ते कळतही नाही. म्हणूनच दोन गोष्टी राहून जातात. अमेरिकेतला गाडीचा विमा मेक्सिकोत चालत नाही. तिथला वेगळा विमा आधीच काढावा लागतो. आणि प्रवेशपरवाना आपणहून मागावा लागतो. सॅन डिएगो किंवा लॉस एंजेलिसमधल्या मराठी मंडळींपैकी ज्यांच्या भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा आहे, त्यांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण गाडी बाजूला घेऊन कार्यालयातून परवाना घ्यावाच लागतो. पुढचा टोलरस्ता समुद्राला लगटून जातो आणि देखणा आहे. २०१३ च्या डिसेंबरात याच रस्त्याचा एक तुकडा कड्यासकट खाली घसरला होता आणि तो पुन्हा बांधायला जवळपास वर्ष गेले.

खोऱ्यात शिरल्यावर अंतराचा हिशेब बदलतो. एन्सेनादा ते तेकाते हा महामार्ग डांबरी आहे. त्यावरून उतरले की बऱ्याच ठिकाणी कच्चे रस्ते, गिट्टी आणि गाडीमागे उठणारा धुरळा. नकाशावरचे चार किलोमीटर म्हणजे पाच मिनिटे, असे समजणाऱ्यांचा पहिला तास येथेच जातो. फोनची रेंज मधूनमधून जाते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घेतलेला बरा. एका वाइनरीत चार-पाच पेले चाखायचे तर तासाहून कमी वेळ पुरत नाही. यजमान पेला तिरका धरून रंग दाखवतात, पिंपांच्या खोलीत नेतात, नेब्बिओलो नावाने लावलेली येथली द्राक्षे इटलीतल्या द्राक्षांसारखी का लागत नाहीत यावर बोलतात. अशा वेळी पाहुण्याने घड्याळ पाहणे बरे दिसत नाही. वेना कावा या वाइनरीची छपरे म्हणजे उपड्या ठेवलेल्या जुन्या होड्या आहेत. आलेहांद्रो दाकोस्ता या वास्तुरचनाकाराने टाकाऊ सामानातून ती बांधली. होडीच्या पोटाखाली उभे राहून वर पाहिले की लाकडाच्या फासळ्या दिसतात. तेवढ्यासाठी अर्धा तास जादा धरावा.

म्हणजे दिवसाला तीन वाइनरी, फार तर. त्यातही लहान वाइनरी आधी वेळ ठरवल्याशिवाय दार उघडत नाहीत. जेवण हा तर स्वतंत्र कार्यक्रम. मोकळ्यावरची चूल, द्राक्षाच्या लाकडाचा जाळ, समोर मळा, आणि पदार्थ अशा अंतराने येतात की दुपारची संध्याकाळ होते. मिशेलिन मार्गदर्शिकेने २०२४ मध्ये मेक्सिकोत पाऊल टाकले, त्यात या राज्याचाही समावेश होता. तेव्हापासून टेबल मिळणे आणखी दुरापास्त झाले आहे. न पिणारा चालक ठरवून ठेवावा किंवा दिवसभरासाठी गाडी-चालक भाड्याने घ्यावा. येताना टॅक्सी मिळते, परतीला मिळेल याची हमी नाही.

मोसमाबाबत नाशिककरांनी आपले पंचांग उलटे धरावे. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी आणि थंडी-उन्हाळ्याच्या सांध्यावर तोडणी, असा वर्षाचा फेर असतो. बाहात पाऊस थोडा आणि तोही हिवाळ्यात. वेली तेव्हा झोपतात, वसंतात फुटतात आणि तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरात येते. त्या सुमाराला वेंदिमियाचे, म्हणजे तोडणीचे, उत्सव असतात, खोल्यांचे दर आभाळाला भिडतात आणि दुपारचे ऊन भाजून काढते. रात्री मात्र प्रशांत महासागरावरून गार हवा आत येते, द्राक्षाची आंबटगोडी टिकते ती तिच्यामुळे. गर्दी नको असेल तर मे किंवा ऑक्टोबरनंतरचे महिने बरे. पाण्याचा प्रश्न मात्र बारमाही आहे. भूजल उपशाने खाली गेले आहे, त्याच पाण्यावर एन्सेनादा शहराचाही हक्क आहे, आणि इथल्या काही वाइनला हलकी खारट झाक असते तीही या पाण्यामुळे, असे म्हणतात. वाइन स्वस्त मिळेल ही आशाही धरू नये. मेक्सिकोत साध्या वाइनवर २६.५ टक्के विशेष कर आहे आणि मूल्यवर्धित कर वेगळा.

आता ती रांग. सान इसिद्रो ही तिहुआना आणि सॅन डिएगो यांमधली चौकी, जगातल्या सर्वांत वर्दळीच्या भूसीमा-चौक्यांपैकी एक. उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी तीसहून अधिक मार्गिका आहेत आणि रविवारी दुपारनंतर त्याही पुऱ्या पडत नाहीत. दोन-तीन तास सहज जातात. मार्गिकांनाही जातपात आहे. आधी चौकशी होऊन ओळखपत्र मिळालेल्यांची सेंत्री ही सर्वांत वेगवान, चिप असलेले कागद बाळगणाऱ्यांची रेडी ही मधली, आणि बाकीच्या प्रजेसाठी सर्वसाधारण. नियम असा की गाडीतल्या प्रत्येकाकडे त्या मार्गिकेचा कागद हवा. त्यामुळे चार मित्रांपैकी तिघे अमेरिकन नागरिक आणि एकाच्या हाती भारतीय पासपोर्ट व व्हिसा असेल, तर चौघांनाही सर्वसाधारण रांग. शेजारच्या मार्गिकेतून गाड्या सुळकन निघून जात असताना त्या चौथ्या मित्राकडे कोणी काही बोलत नाही, पण रेडिओचा आवाज वाढतो.

या रांगेत एक अख्खा बाजार चालतो. गाड्यांच्या मधून फेरीवाले गाडीच्याच वेगाने चालतात: कागदी पिशवीत साखर-दालचिनी भुरभुरलेले गरम चुरोस, लिंबू-तिखट लावलेला आंबा, घोंगड्या, कार्टूनमधल्या पात्रांचे प्लास्टरचे गल्ले, आणि येशूच्या शेवटच्या भोजनाचे एवढे मोठे उठावचित्र की ते ज्या गाडीत मावेल ती गाडी रांगेत शोधावी लागते. खोऱ्यात एका बाटलीच्या दरावर नाक मुरडणारा माणूस येथे दीड तास बसल्यावर गल्ला घेतो. घासाघीस करायला सवड दोन्हीकडे असते. पुढची गाडी हलली की सौदा तुटतो किंवा घाईघाईने पटतो. चुरोसवाल्याला मात्र घासाघीस करावी लागत नाही, कारण भूक रांगेइतकीच लांब झालेली असते. उरलेला आंबा चौकीआधी संपवावा, फळे सांगितल्याशिवाय पलीकडे नेता येत नाहीत.

चौकीवर मुख्य प्रश्न वाइनचाच. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला एक लिटर करमुक्त, म्हणजे पाऊण लिटरची एक बाटली आणि दुसरीचा तिसरा हिस्सा. त्यापुढच्या बाटल्या जाहीर कराव्याच लागतात आणि त्या नेता येतीलच असे नाही. नऊ वाइनरींची यादी करणाऱ्याला हे आधी कळले असते, तर यादी तीनवर आली असती.

पळवाटा आहेत, पण तोकड्या. तेकातेची चौकी खोऱ्यापासून सुमारे ७५ किलोमीटरवर, वाट डोंगरातून, गाव निवांत आणि तिथला गोड पाव खाण्यासारखा. मात्र मार्गिका मोजक्या असल्याने ही युक्ती दहा जणांना सुचली की तिथेही तुंबते, शिवाय ती चौकी रात्री बंद होते. सोमवारी पहाटे निघू, हा बेत तर सर्वांत वाईट, कारण तिहुआनात राहून सॅन डिएगोत कामाला जाणारे हजारो लोक पहाटे चारपासूनच रांगेत असतात. मग उरते ते एवढेच: शुक्रवारी सकाळी जाणे, दोन दिवसांत पाच ठिकाणे, आणि रविवारी नाश्ता होताच नऊच्या आत खोरे सोडणे. नाश्त्याला माचाका, म्हणजे सुकवलेल्या मांसाची अंडी घालून केलेली भुर्जी, चांगली मिळते. पण ती जिथे चांगली मिळते तिथेही रविवारी सकाळी रांग असते, तेव्हा तो नाश्ता शनिवारीच उरकून घ्यावा.