'साधा ताप' जिवावर कसा बेततो?

ज्येष्ठात माउलींची पालखी विश्रांतवाडीतून पुढे सरकते, पाऊस धरतो आणि दवाखान्यांतली बाकं भरू लागतात. अंग ठणकतंय, घसा खवखवतोय, ताप १०२. 'व्हायरल आहे, उतरेल' हे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत खरंही ठरतं. पण ते खोटं ठरताना पुण्यानेच पाहिलं आहे. ३ ऑगस्ट २००९ रोजी देशातील स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू या शहरात झाला. ती १४ वर्षांची शाळकरी मुलगी होती. नंतर नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या.

नेमकं होतं काय? इन्फ्लुएन्झाचा विषाणू नाक-घशातल्या पेशींत शिरतो, स्वतःच्या असंख्य प्रती काढतो आणि पेशी मारतो. श्वासनलिकेच्या आतून धूळ-जंतू बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस असतात, तेही निकामी होतात. ताप आणि अंगदुखी ही मुख्यतः आपल्याच प्रतिकारशक्तीने सोडलेल्या रसायनांची करामत.

बहुतेकांचं प्रकरण इथेच मिटतं. काहींमध्ये मात्र विषाणू फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत उतरतो. तिथे प्रतिकारशक्ती इतकी खवळते की रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून वायुकोश भरतात. श्वास चालू, पण रक्तात ऑक्सिजन पोहोचत नाही. मग मूत्रपिंड, हृदय, मेंदू एकेक करून खचतात. २००९ मध्ये धडधाकट तरुणही दगावले, ते अनेकदा असेच.

दुसरी वाट जास्त फसवी आहे. ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात आणि दोन-चार दिवसांत तो पुन्हा चढतो. झाडूच उरला नसल्याने जिवाणू फुफ्फुसात घर करतात आणि न्यूमोनिया होतो. १९१८ च्या साथीत एकट्या भारतात एक कोटीहून अधिक माणसं गेली. त्या साथीतल्या शवविच्छेदनांच्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा बहुतेक मृत्यूंमागे हाच न्यूमोनिया दिसला. हृदयरुग्णांसाठी आणखी एक गोष्ट: कॅनडातील २०१८ च्या अभ्यासानुसार फ्लूच्या निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट असतो.

म्हणूनच मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणणं निरर्थक आहे. विषाणूवर ते चालत नाही. ओसेल्टामिविर चालतं, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि शक्यतो पहिल्या ४८ तासांत. गर्भवती, ज्येष्ठ, पाच वर्षांखालील मुलं, मधुमेही, दमेकरी यांनी तर वाट पाहूच नये. लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलत राहतो. पुण्यात ती पावसाआधी घेतलेली बरी, संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात.

धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, उतरलेला ताप परत येणं, यापैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. आजी-आजोबांत कधी कधी तापही नसतो. ते फक्त गोंधळल्यासारखे बोलतात, जेवण सोडतात.