ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब

घरच्या घरी हेलियमचा फुगा बांधून तो आकाशात सोडणाऱ्या हौशी मंडळींच्या उद्योगाला आपल्याकडे अद्याप पोरखेळ समजतात. परंतु प्लॅस्टिकच्या तलम पापुद्र्यातून पाकळ्या कापून, इस्त्रीच्या बेताच्या उष्णतेने त्यांच्या कडा सांधताना आणि प्रत्येक सांधा कानाशी धरून वायू निसटतो की काय हे ऐकताना ज्याने त्यांना पाहिले असेल, त्याला हा पदार्थविज्ञानाचा केवढा कठोर व्यासंग आहे हे निराळे सांगावे लागणार नाही.

समुद्रसपाटीला एक घनमीटर हेलियम सुमारे एक किलो भार पेलतो, आणि गोलाचा व्यास दुप्पट केला असता पृष्ठफळ चौपट, घनफळ मात्र आठपट होते, यावरच साऱ्या रचनेची मदार असते. 20 मायक्रॉन जाडीच्या पॉलिथिनचा एक मीटर व्यासाचा गोल केला, तर वेष्टनच 58 ग्रॅम भरते आणि एकूण उचल अर्ध्या किलोच्या थोडी वर जाते. तोच दोन मीटरांचा केला, तर वेष्टन 230 ग्रॅम आणि उचल चार किलोंहून अधिक. रबराचा फुगा वर जाता जाता ताणला जाऊन अखेर फुटतो. न ताणणाऱ्या पॉलिएस्टरचा फुगा मात्र, पूर्ण आकार घेतल्यावर, जेथे त्याने बाजूस सारलेल्या हवेचे वजन त्याच्या स्वतःच्या एकूण वजनाएवढे होते तेथे स्थिरावतो. म्हणूनच तो जमिनीवर अर्धवट भरावा लागतो, आणि जादा वायू भरण्याचा मोह ज्याला आवरत नाही त्याचा फुगा वर जाऊन उसवतो. जी संयमाची शिकवण ग्रंथांतून सहसा अंगी उतरत नाही, ती येथे एका उसवलेल्या सांध्यातून उतरते.

ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील एका हौशी मंडळाने सोडलेला, सौरपट्टीवर चालणारा इवलासा रेडिओप्रेषक वाहणारा असाच एक फुगा पृथ्वीच्या अनेक प्रदक्षिणा करून फेब्रुवारी 2023 मध्ये अलास्कानजीक अखेरचा ऐकू आला. दुसऱ्याच दिवशी कॅनडाच्या युकॉन मुलखावर अमेरिकी लढाऊ विमानाने क्षेपणास्त्र सोडून एक अज्ञात वस्तू पाडली. ती वस्तू तोच फुगा होती असे शाबीत झालेले नाही. तथापि काही ग्रॅमांच्या ओझ्यावर क्षेपणास्त्र खर्ची पडण्याची नुसती शक्यताही मला अस्वस्थ करते, आणि अशा फुग्याची वेळ, ठिकाण, वजन व मार्ग सरकारदफ्तरी नोंदविण्याची सुलभ तजवीज असावी, बंदीचा हुकूम नसावा, असे मी आग्रहाने म्हणतो.

हेलियमच्या अपव्ययाचा आक्षेप मला मान्य आहे. भूगर्भात युरेनियम-थोरियमच्या क्षयातून युगानुयुगे साचलेला हा वायू एकदा वातावरणात गेला की हाती येत नाही, आणि इस्पितळांतील एमआरआय यंत्रांना तो लागतो. पण हा आक्षेप लग्नमंडपांच्या कमानींवर तो उधळणाऱ्यांना प्रथम लागू होतो. हौशी कारागीर सिलिंडरची तोटी उघडण्यापूर्वी फुगा, दोरी, तार आणि चिकटपट्टीचा तुकडासुद्धा तराजूत घालतो, आणि उचल दोन ग्रॅमांनी अधिक भरली, तर तेवढा वायू नळीने परत काढून घेतो.